व्यावसायिक गोल्फ स्पर्धेचे यजमानपद कोर्सला परवडते का?

दुसरा_फटका

आमच्या क्लबच्या व्यवस्थापन समितीपुढे एक प्रस्ताव आला आहे. त्यावर मत देण्यापूर्वी या विषयाचा अनुभव किंवा अभ्यास असणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे, या हेतूने हा प्रश्न मांडत आहे. एका व्यावसायिक टूरने (म्हणजे वर्षभर ठिकठिकाणी स्पर्धांची मालिका भरवणाऱ्या संघटनेने) आमच्या अठरा होलच्या कोर्सवर सलग तीन वर्षे स्पर्धा भरवण्याची तयारी दाखवली आहे. ही टूर पहिल्या फळीतील नाही. तिच्यात नामवंत खेळाडू फार थोडे आहेत आणि दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणही मर्यादित असते. टूर आम्हाला जागेचे भाडे देईल. त्याबदल्यात क्लबने स्पर्धेआधीचे काही आठवडे आणि स्पर्धेचा संपूर्ण आठवडा कोर्स राखून ठेवायचा, तीन टी (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागा) मागे न्यायच्या, दोन ग्रीनखालील (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखालील) पाण्याचा निचरा सुधारायचा आणि देखभालीचा वाढीव खर्च स्वतः सोसायचा, असा कराराचा मसुदा आहे.

समितीत सरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की स्पर्धेमुळे कोर्सचे नाव होईल, नवे सभासद येतील आणि जी दुरुस्ती आम्ही वर्षानुवर्षे पुढे ढकलत आलो ती या निमित्ताने तडीस जाईल. दुसऱ्या बाजूला वाटते, की वर्गणी भरणाऱ्या सभासदांना ऐन हंगामात त्यांच्याच कोर्सबाहेर ठेवून दुसऱ्यांच्या स्पर्धेसाठी पदरमोड करण्यात काहीच शहाणपण नाही. दोन्ही बाजू आकडे मांडतात, पण ते आकडे एकाच गोष्टीचे नसावेत अशी मला शंका येते. कारण एक जण साऱ्या परिसराला होणाऱ्या लाभाविषयी बोलत असतो, तर दुसरा क्लबच्या बँक खात्याविषयी.

यजमानपदाचा खरा खर्च कुठे दडलेला असतो, मिळणारी प्रसिद्धी किती काळ उपयोगी पडते आणि कोणत्या प्रकारच्या कोर्सला हा व्यवहार लाभतो, याविषयी कोणी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

हिशेबनीस

आपली शंका रास्त आहे, आणि तिथूनच सुरुवात करणे योग्य ठरेल. स्पर्धेत फिरणारा पैसा आणि कोर्सला मिळणारा पैसा हे दोन वेगळे प्रवाह असून त्यांची गाठ फार थोड्या ठिकाणी पडते. अमेरिकेच्या पीजीए टूरच्या ‘सिग्नेचर’ स्पर्धांत २०२४ साली बक्षिसाची एकूण रक्कम साधारण २ कोटी डॉलर होती. एवढा आकडा ऐकला की यजमान कोर्सचीही चंगळ होत असणार असे वाटते. प्रत्यक्षात तो पैसा प्रायोजकाकडून आणि प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो आणि खेळाडूंच्या हाती जातो. कोर्सच्या वहीत त्याची नोंदसुद्धा होत नाही. त्या टूरच्या बऱ्याच स्पर्धा स्थानिक ना-नफा संस्था चालवतात आणि शिल्लक उरलेली रक्कम धर्मादाय कामांना देतात. नाटकाची तिकिटे किती खपली याच्याशी नाट्यगृहाच्या मालकाचा जेवढा संबंध असतो, तेवढाच कोर्सचा स्पर्धेच्या उलाढालीशी असतो. त्याला भाडे मिळते, कधी खानपानाच्या विक्रीत वाटा मिळतो, कधी एखादी दुरुस्ती पदरात पडते. काही ठिकाणी तर प्रवाह उलटा असतो, म्हणजे पर्यटकांवर चालणारा रिसॉर्ट किंवा तिथले सरकार स्पर्धा यावी म्हणून स्वतःच पैसे मोजते.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम बहुधा अशी असते, की जिची पावतीच फाटत नाही. ती म्हणजे बुडालेले उत्पन्न. स्पर्धा चार दिवसांची असली तरी प्रेक्षकांचे स्टँड, तंबू, तात्पुरते रस्ते आणि केबल यांचे काम कितीतरी आधी सुरू होते. मोठ्या स्पर्धेत ते महिना-दीड महिना किंवा त्याहूनही अधिक काळ चालते, आणि नंतर सगळे उतरवायलाही वेळ लागतो. त्या काळात खेळण्याचे शुल्क, पाहुण्यांचे शुल्क, कार्टचे भाडे, उपाहारगृहाची विक्री, क्लबहाऊसमधील खासगी समारंभ या सर्वांना कात्री लागते. आपल्या कोषाध्यक्षांना गेल्या तीन वर्षांतील त्याच आठवड्यांची जमा काढायला सांगा आणि ती भाड्याच्या रकमेशेजारी मांडा. माझ्या अनुभवात एवढ्या एका कोष्टकाने अनेक वाद मिटलेले आहेत.

आता परिसराला होणाऱ्या लाभाविषयी. २०१९ साली उत्तर आयर्लंडमधील रॉयल पोर्टरश येथे ‘द ओपन’ ही गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी ब्रिटनमधली स्पर्धा भरली. १९५१ नंतर ही स्पर्धा तिथे प्रथमच परतत होती आणि आठवडाभरात २,३७,७५० प्रेक्षक आले. शेफिल्ड हॅलम विद्यापीठाच्या अभ्यासात उत्तर आयर्लंडला झालेला एकूण लाभ १० कोटी पौंडांहून अधिक असल्याचे मांडले गेले. हा आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही; परंतु त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. प्रेक्षकांनी हॉटेलांत, वाहनांवर आणि जेवणावर केलेला खर्च ही पहिली, आणि जगभरच्या प्रक्षेपणात तो प्रदेश दिसला, तेवढी जाहिरात विकत घ्यावी लागली असती तर काय किंमत पडली असती याचा अंदाज ही दुसरी. पहिली रक्कम हॉटेलमालकांची आणि दुसरी कोणाच्याच खिशात रोख स्वरूपात येत नाही. सरकारने अशा स्पर्धेसाठी पैसे घालणे समजण्यासारखे आहे, कारण हॉटेलमालकाकडून कर त्याला मिळतो. क्लबला तो कर मिळत नाही. म्हणूनच ‘परिसराला एवढा फायदा होईल’ असे कोणी म्हटले, की त्याला विचारावे: मग परिसर या खर्चात किती वाटा उचलणार आहे?

स्पर्धेच्या ओढीने मालकाची काय गत होऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधील एरिन हिल्सने घालून दिले आहे. २००६ साली खुला झालेला हा कोर्स यूएस ओपनचे, म्हणजे चार प्रमुख स्पर्धांपैकी आणखी एकीचे, स्वप्न डोळ्यांपुढे ठेवूनच घडवला गेला. त्याच्या पहिल्या मालकाने आसपासची जमीन विकत घेत आणि कोर्समध्ये फेरबदल करत एवढा खर्च ओढवून घेतला, की २००९ मध्ये त्याला तो विकावा लागला. पुढच्याच वर्षी एरिन हिल्सला २०१७ ची यूएस ओपन जाहीर झाली. स्पर्धा थाटात झाली, ब्रूक्स केप्का जिंकला, पण ज्याने सारा पैसा ओतला तो तेव्हा मालक राहिलेला नव्हता.

आपल्याकडे आलेला प्रस्ताव एवढा मोठा नाही हे मी जाणतो. तरी एक धोका लहान-मोठ्या सर्व स्पर्धांना सारखाच असतो, तो म्हणजे प्रायोजक. मिशिगनमधील वॉरविक हिल्सवर ब्यूइक ओपन १९५८ साली सुरू झाली. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि स्पर्धा संपली. कोर्सचा त्यात काहीही दोष नव्हता. तीन वर्षांचा करार असला तरी टूरचा प्रायोजक तीन वर्षांसाठी बांधलेला आहे का, हे जरूर विचारा. तसे नसेल, तर तुम्ही पहिल्याच वर्षी सगळी दुरुस्ती करून बसाल आणि दुसऱ्या वर्षी स्पर्धाच होणार नाही.

गवतवाला

मी कोर्सच्या देखभालीच्या कामात आहे आणि स्पर्धेच्या तयारीत प्रत्यक्ष राबलेलो आहे, त्यामुळे वरच्या प्रतिसादात न आलेली जमिनीची बाजू मांडतो.

नेहमीच्या खेळासाठी ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरवर (उतरत्या पट्टीवरून सोडलेला चेंडू किती लांब घरंगळतो हे मोजण्याच्या साधनावर) नऊ-दहा फूट असला तरी सभासद समाधानी असतात. व्यावसायिक स्पर्धेसाठी तो बारा किंवा त्यापुढे न्यावा लागतो. त्याकरता गवत अडीच मिलिमीटरच्या आसपास कापणे, दिवसातून एकाहून अधिक वेळा यंत्र फिरवणे, रोलर चालवणे आणि पाणी तोडणे हे सगळे एकाच वेळी करावे लागते. पाते जितके आखूड तितके त्याचे अन्न बनवण्याचे सामर्थ्य कमी आणि मुळेही उथळ. म्हणजे वर्षातील ज्या आठवड्यात कोर्स सर्वांत देखणा दिसतो, त्याच आठवड्यात गवत आजारी पडण्याच्या सर्वांत जवळ असते. २००४ च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉक हिल्सच्या सातव्या ग्रीनवर शेवटच्या दिवशी चेंडू थांबेना, तेव्हा खेळाडूंच्या दोन गटांच्या मध्ये त्यावर पाणी मारण्याची वेळ आली होती. जगातील उत्तम माणसे आणि यंत्रे हाताशी असताना हे घडले. मध्यम आकाराच्या क्लबने तो वेग गाठण्याच्या नादात ग्रीन गमावली, तर ती पुन्हा उभी करण्यात पुढचा अख्खा हंगाम जातो.

दुसरा खर्च प्रेक्षकांच्या पायांचा आणि त्याहून अधिक वाहनांचा. दोरीबाहेरची जमीन तुडवली जाऊन घट्ट होते, तंबूंखालचे गवत पिवळे पडते, जड वाहनांखाली सिंचनाचे पाइप फुटतात. पाऊस आला तर विचारूच नका. २००९ ची यूएस ओपन बेथपेज ब्लॅकवर चिखलात खेळली गेली आणि सोमवारी संपली. अशा वेळी वाढलेला दिवस कोणाच्या खर्चाने, आणि चिखलात रुतलेल्या चाकांनी पाडलेल्या चाऱ्या कोण बुजवणार, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर ते काम कोर्सच्या कर्मचाऱ्यांच्या माथी येते. मोठ्या स्पर्धांत इतर कोर्सचे ग्रीनकीपर स्वयंसेवक म्हणून येतात आणि शिकून जातात. दुय्यम टूरच्या स्पर्धेला एवढे मनुष्यबळ आपोआप जमत नाही. आपलेच लोक पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात आणि त्यांच्या जादा वेळेचे पैसे क्लबला मोजावे लागतात.

हिशेबनिसांच्या कोष्टकात मी आणखी एक ओळ घालीन, जी कोणीच घालत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात सभासद आपलाच कोर्स नव्या रूपात पाहतात आणि त्यानंतर त्यांना तसाच कोर्स रोज हवा असतो. ‘तेव्हा जमले, मग आता का जमत नाही?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे खरे उत्तर असे, की ती अवस्था टिकवण्यासाठी नसतेच, ती एका आठवड्यापुरती ओढून आणलेली असते. परंतु समिती दबावाखाली येते, देखभालीची तरतूद वाढते आणि ती पुन्हा खाली येत नाही. भाडे एकदा मिळते, ही वाढ मात्र दरवर्षी सोसावी लागते.

एवढे लिहिल्यावर स्पर्धेला माझा सरसकट विरोध आहे असे वाटेल, पण तसे नाही. स्पर्धेच्या तयारीने देखभाल महागच होते असा नियम नाही. पाइनहर्स्टच्या क्रमांक २ कोर्सचे जे पुनरुज्जीवन बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये केले, त्यात रफचे (खेळपट्ट्यांच्या कडेचे उंच वाढू दिलेले) हिरवे गवत मोठ्या प्रमाणावर काढून मूळची वाळू आणि रानगवत परत आणले गेले. पाणी फवारणारी तोंडे सुमारे ११५० वरून ४५० च्या आसपास आली. २०१४ मध्ये त्याच कोर्सवर लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन झाली आणि तपकिरी कडांचा तो कोर्स साऱ्या जगाने पाहिला. पाण्याची आणि कापणीची बचत त्यानंतरही राहिली. म्हणून माझे सांगणे एवढेच, की तुमच्या मसुद्यातील दोन ग्रीनखालचा निचरा आणि मागे न्यायच्या तीन टी यांना एकाच मापाने मोजू नका. निचरा हे काम स्पर्धा नसतानाही करण्यासारखे आहे आणि त्याचा उपयोग प्रत्येक पावसाळी दिवशी होईल. व्यावसायिकांसाठी मागे नेलेल्या टीवरून तुमचे किती सभासद खेळणार आहेत? त्या टी मात्र कायम कापाव्या, शिंपाव्या लागतील.

दुसरा_फटका

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एक माहिती द्यायची राहून गेली होती. आमचा क्लब मुख्यतः सभासदांचाच आहे. बाहेरून शुल्क भरून खेळायला येणाऱ्यांना आठवड्याच्या मधल्या दिवसांत खेळण्यासाठी काही ठरावीक वेळा दिल्या जातात, पण एकूण फेऱ्यांत त्यांचे प्रमाण अल्प आहे आणि ते वाढवावे अशी सभासदांची इच्छाही दिसत नाही. त्यामुळे प्रसिद्धीचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागेल का?

खुलेमैदान

होय, आणि माझ्या मते इथेच निकाल लागतो. प्रसिद्धीला किंमत येते ती विकण्यासारखे काही शिल्लक असेल तेव्हा. पेबल बीचवर १९७२ पासून यूएस ओपन पुन्हा पुन्हा झाली. तिथे रिसॉर्ट आहे आणि शुल्क भरणाऱ्या कोणालाही खेळता येते. दूरचित्रवाणीवर समुद्रकाठचा अठरावा होल पाहणारा माणूस मनात आणले तर तिथे जाऊन तोच फटका मारू शकतो. तुमच्या कोर्सवरचा सुंदर होल पाहून कोणाला खेळावेसे वाटले, तर तुम्ही त्याला ‘जागा नाही’ असे सांगणार. मग ती जाहिरात कशाची झाली?

सार्वजनिक कोर्सच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण बेथपेज ब्लॅकचे. हा कोर्स न्यूयॉर्क राज्याच्या उद्यानात आहे, त्याच उद्यानात आणखी चार कोर्स आहेत, आणि नव्वदच्या दशकापर्यंत ब्लॅकची अवस्था फारशी बरी नव्हती. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने यूएस ओपन तिथे न्यायचे ठरवले, रीस जोन्स यांच्याकडून कोर्सची डागडुजी झाली आणि तिचा खर्च असोसिएशनने उचलला. २००२ साली टायगर वूड्सने तिथे विजेतेपद मिळवले. त्यानंतर २००९ ची यूएस ओपन, २०१९ ची पीजीए चॅम्पियनशिप (हीही प्रमुख स्पर्धा) आणि २०२५ चा रायडर कप (अमेरिका विरुद्ध युरोप अशी सांघिक लढत) असा प्रवास झाला. राज्यातील रहिवाशांना कमी शुल्क आणि बाहेरच्यांना बरेच अधिक, अशी दुहेरी रचना असल्यामुळे प्रसिद्धीचा पैसा प्रामुख्याने पाहुण्यांकडून वसूल होतो. या व्यवहारात तीन गोष्टी एकत्र आल्या, हे ध्यानात घ्यावे: दुरुस्तीचा खर्च दुसऱ्याने केला, विकायला फेऱ्या होत्या, आणि एक कोर्स बंद असताना नेहमीच्या खेळाडूंना जायला शेजारी दुसरे कोर्स होते. सॅन डिएगो शहराच्या मालकीच्या टॉरी पाइन्सकडेही उत्तर आणि दक्षिण असे दोन कोर्स आहेत. एकच अठरा होलचा कोर्स असलेल्या क्लबला ही सोय नाही.

प्रसिद्धी उलटूही शकते. वॉशिंग्टन राज्यातील पिअर्स काउंटीने वाळू-खडीच्या जुन्या खाणीवर चेंबर्स बे उभारला आणि २००७ मध्ये खुला केला. कल्पना धाडसी होती, जागा विलक्षण होती आणि अवघ्या आठ वर्षांत तिथे यूएस ओपन आली. परंतु २०१५ च्या त्या आठवड्यात चर्चा झाली ती खडबडीत ग्रीनची. ग्रीनवर लावलेल्या फेस्क्यू जातीच्या गवतात दुसरे गवत शिरल्यामुळे चेंडू सरळ जाईना, खेळाडूंनी उघड नाराजी व्यक्त केली आणि वाळूच्या चढउतारांमुळे अनेक ठिकाणी प्रेक्षकांना नीट पाहताही आले नाही. जॉर्डन स्पीथचा विजय रोमहर्षक होता, तरी कोर्सविषयी लोकांच्या मनात ग्रीनच राहिल्या. पुढे त्या ग्रीनवर पोआ अ‍ॅन्युआ गवत लावले गेले. मला तो कोर्स अजूनही आवडतो आणि त्याच्यावर त्या वेळी झालेली टीका काहीशी अतिरेकी होती असे वाटते, पण गोल्फ खेळणाऱ्या लाखो लोकांची एखाद्या कोर्सशी पहिली ओळख त्याच्या सर्वांत वाईट आठवड्यात व्हावी, ही जोखीम यजमानपदाबरोबर येतेच. गवतवाला यांनी सांगितलेला ग्रीनचा आजार आणि हा मुद्दा एकमेकांना जोडून पाहावेत.

तुमच्या टूरचे प्रक्षेपण मर्यादित आहे म्हणता. त्यामुळे हानीही मर्यादित राहील हे खरे, मात्र लाभाच्या रकान्यात ‘प्रसिद्धी’ म्हणून शून्य धरावे, त्याहून अधिक नको. सभासदांच्या क्लबला स्पर्धेमुळे मिळणारा एकमेव व्यापारी लाभ म्हणजे नव्या सभासदांचे प्रवेशशुल्क. तुमच्याकडे प्रतीक्षायादी असेल तर तोही नाही.

उपसूचना

वरील तिघांचेही म्हणणे मला पटते, तरी एक गोष्ट त्यांच्या हातून सुटली आहे असे वाटते. सभासदांचा क्लब म्हणजे नफ्यासाठी चालवलेली कंपनी नव्हे. सभासद वर्गणी भरतात ती आनंदासाठी, आणि उत्तम खेळाडूंना आपल्या सातव्या होलवर आपल्यासारखेच अडखळताना पाहण्याचा आनंद काही जणांना पैसे मोजून घ्यावासा वाटला, तर त्यात गैर काय? अमेरिकेतील मेरियन क्लबने २०१३ मध्ये यूएस ओपन भरवली तेव्हा जागा इतकी अपुरी होती, की दिवसाला सुमारे २५,००० प्रेक्षकांवर मर्यादा आली आणि काही तंबू शेजारच्या जागांवर उभारावे लागले. व्यापारी हिशेबाने पाहिले तर तिथे जाण्याचे कारण नव्हते. तरीही सात हजार यार्डांहून किंचित कमी लांबीच्या त्या कोर्सवर जस्टिन रोझ पारपेक्षा (कोर्ससाठी ठरवलेल्या फटक्यांच्या संख्येपेक्षा) एक फटका अधिक खेळून जिंकला. क्लबच्या इतिहासात ते पान कायमचे राहणार, आणि सभासदांना त्याचे मोल वाटते. प्रश्न एवढाच उरतो, की हा खर्च आहे हे मान्य करून सभासदांना विचारले जाते, की गुंतवणूक असल्याचे भासवून तो त्यांच्या गळी उतरवला जातो. आपल्या समितीने सर्वसाधारण सभेत थेट विचारावे: प्रत्येक सभासदावर वर्षाला एवढा बोजा पडेल आणि एवढे आठवडे खेळता येणार नाही, तरी स्पर्धा हवी आहे का? बहुसंख्यांनी होकार दिला तर हिशेबनिसांच्या कोष्टकाला दुय्यम स्थान देण्यास माझी हरकत नाही.

दुसरे असे, की स्पर्धा क्लबमध्ये आली की तिच्याबरोबर बाहेरच्या जगाची नजर आणि नियमही येतात. १९९० मध्ये अलाबामातील शोल क्रीक येथे पीजीए चॅम्पियनशिप होणार होती आणि त्या क्लबमध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्व नसल्याचे उघडपणे पुढे आल्यावर प्रायोजक मागे हटू लागले. क्लबला धोरण बदलावे लागले आणि भेदभाव करणाऱ्या क्लबांत स्पर्धा न भरवण्याचे नियम संघटनांनी केले. शिकागोजवळील बटलर नॅशनल हा तेव्हा केवळ पुरुषांचा क्लब होता. त्याने सभासदत्वाचे नियम बदलण्याऐवजी १९७४ पासून भरणारी वेस्टर्न ओपन सोडली आणि ती १९९१ पासून कॉग हिल या दुसऱ्या कोर्सला गेली. स्कॉटलंडमधील म्युरफिल्ड क्लबने २०१६ मध्ये महिलांना सभासदत्व देण्याचा ठराव आवश्यक बहुमताअभावी फेटाळला, त्याबरोबर ‘द ओपन’च्या यजमानांच्या यादीतून त्याचे नाव वगळले गेले, पुढच्या वर्षी पुन्हा मतदान होऊन ठराव संमत झाला आणि २०२२ मध्ये तिथे महिलांची ओपन खेळली गेली. या बदलांचे मी स्वागतच करते. पण सांगायचे ते असे, की सभासदत्वाचे नियम, कर्मचाऱ्यांना मिळणारी वागणूक, पाण्याचा वापर, शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सारे स्पर्धेच्या निमित्ताने चव्हाट्यावर येऊ शकते. आपल्या समितीने प्रस्तावावर मत देण्याआधी घरातील असे कोणते प्रश्न आहेत, ते आपापसात तरी स्पष्टपणे बोलून घ्यावेत.

हिशेबनीस

उपसूचना यांचा पहिला मुद्दा मी मान्य करतो. सभासदांनी डोळसपणे खर्च करायचा ठरवला तर तो त्यांचा अधिकार आहे. फक्त सभेपुढे जाणारा बोजाचा आकडा खरा असावा, आणि तो खरा ठरण्यासाठी करारात काही गोष्टी आधी बदलून घ्याव्या लागतील.

स्पर्धेपूर्वी कोर्सची चित्रफितीसह तपासणी त्रयस्थ तज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि स्पर्धेनंतर कोर्स त्याच अवस्थेत आणून देण्याचा खर्च टूरवर टाकावा. पावसामुळे स्पर्धा लांबली तर प्रत्येक वाढीव दिवसाचे भाडे वेगळे ठरवावे. स्पर्धा रद्द झाली तर क्लबने तोपर्यंत केलेला खर्च भरून मिळावा आणि त्यासाठी बँक हमी घ्यावी. केवळ आश्वासनावर विसंबू नये. खानपानाचे हक्क क्लबकडेच ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण लहान स्पर्धेत भाड्यापेक्षा तिथूनच अधिक मिळण्याची शक्यता असते. तारीख हंगामाच्या ऐन भरातली असेल तर ती पुढे-मागे करण्याविषयी बोलावे. दुय्यम टूरचे वेळापत्रक मोठ्या टूरइतके घट्ट बांधलेले नसते आणि या एका बदलाने बुडणारे उत्पन्न बरेच घटते.

मागे न्यायच्या टींविषयी गवतवाला यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मसुद्यातून ते कलम वगळायला सांगा किंवा त्या टी तात्पुरत्या असतील आणि टूरच्या खर्चाने उभारल्या व काढल्या जातील असे लिहून घ्या. निचऱ्याचे काम मात्र तुम्ही नाहीतरी करणारच आहात. त्याचा अर्धा खर्च टूरने पहिल्या वर्षीच्या भाड्याव्यतिरिक्त द्यावा अशी मागणी ठेवा. या मागणीवर टूर चर्चेला बसली तर तिला तुमचा कोर्स खरोखर हवा आहे असे समजावे. बसली नाही तर दुसऱ्या कोणी नकार दिल्यावर ती तुमच्याकडे आली असण्याचा संभव आहे, आणि त्या कोर्सच्या समितीला एक दूरध्वनी करून नकाराचे कारण विचारून घ्यावे.